घोरण्यापलीकडचा प्रश्न : स्लीप ॲप्नियाच्या उपचारांचे संशोधन कुठवर आले?

हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा माण गावच्या हद्दीत आहे. अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी मंडळी इथे संध्याकाळी कामावर येतात आणि पहाटे कॅबने घरी परततात. चाकणला गाड्यांचे कारखाने तीन पाळ्यांत चालतात आणि त्यांचा माल नेणारे कंटेनर रात्रभर तळेगाव रस्त्यावर, पुणे-नाशिक महामार्गावर धावत असतात. या पट्ट्यात कुणी दिवसा पेंगताना दिसला तर 'रात्रपाळी आहे', 'जागरण झालंय' हे उत्तर तयार असते आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण काही जणांची गोष्ट वेगळी असते. सात-आठ तास अंथरुणात काढूनही त्यांची झोप होत नाही, कारण रात्रभर त्यांचा घसा पुन्हा पुन्हा मिटत असतो. घरचे म्हणतात, गाढ झोप लागते म्हणून घोरतोय.

यालाच ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यावर परिणामकारक उपचार १९८१ पासून उपलब्ध आहे. तरीही उपचार कुणाला द्यावा, त्याने नेमके काय साधते आणि रुग्ण तो वापरत नसेल तर पुढे काय, यावर चाळीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. गेल्या दोन वर्षांत त्यात औषधांची भर पडल्याने चर्चेचे वळणच बदलले. या संशोधनाची आजची स्थिती काय, आणि माण-चाकणसारख्या ठिकाणी त्यातले किती लागू पडते, हे इथे पाहायचे आहे.

आजार आणि त्याचे मोजमाप

झोपेत श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर तो ॲप्निया, आणि ठरावीक प्रमाणात उथळ झाला तर हायपॉप्निया. दोन्ही मिळून तासाला किती वेळा घडते तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र, अशी वर्गवारी जगभर चालते.

स्लीप स्टडीचा कागद एकदा जवळून पाहिला की आजार समजतो. एक रेघ नाकातून जाणाऱ्या हवेची, दुसरी छातीवरच्या पट्ट्याची, तिसरी बोटाच्या चिमट्यातून मोजलेल्या ऑक्सिजनची. नाकाची रेघ वरखाली होता होता एकदम सपाट होते. छातीची रेघ मात्र हलत राहते, कारण माणूस श्वास ओढतच असतो. जिभेचा मागचा भाग आणि टाळू घशाला टेकल्यामुळे हवा आत जात नाही. थोड्या वेळाने ऑक्सिजनची रेघ घसरू लागते. ती उशिरा घसरते, कारण फुप्फुसातले रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. मग मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठा घोर येतो आणि तिन्ही रेघा उसळी घेतात. तीव्र आजारात तासभराच्या कागदावर हेच चित्र तीस, चाळीस, साठ वेळा दिसते. सकाळी माणसाला यातले काही आठवत नाही. छातीची रेघही सपाट झालेली असेल तर अडथळा घशात नसून मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही असे समजायचे. तो सेंट्रल ॲप्निया. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि दोन्हींची गल्लत जिवावर बेतू शकते. त्याबद्दल पुढे येईलच.

मोजमापाचा वाद इथूनच सुरू होतो. हायपॉप्निया धरायला ऑक्सिजन ३ टक्के उतरायला हवा की ४ टक्के, यावर एकाच माणसाचा एएचआय बराच बदलतो. स्वित्झर्लंडच्या हिप्नोलॉस पाहणीत २०१५ साली सुधारित उपकरणे आणि सैल निकष वापरले तेव्हा चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या पुरुषांचा एएचआय १५ च्या वर निघाला. निम्मे पुरुष आजारी म्हणायचे, की निकषच तपासायचा? शिवाय एएचआय केवळ संख्या सांगतो. वीस सेकंदांची अडकण आणि दीड मिनिटाची अडकण त्यात सारखीच मोजली जाते. म्हणून २०१९ पासून रात्रभरात ऑक्सिजन किती खोल आणि किती वेळ उतरला याचे एकत्रित माप, म्हणजे हायपॉक्सिक बर्डन, वापरून पाहिले जात आहे. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूशी त्याचे नाते एएचआयपेक्षा घट्ट दिसते. मात्र या मापावर रुग्ण निवडून केलेल्या मोठ्या चाचण्यांची अजून वाट पाहावी लागणार आहे.

१९८१ पूर्वी आणि नंतर

झोपेत श्वास अडकण्याची नोंद १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे केली. १९७०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये क्रिस्तियाँ गिलमिनो यांनी स्लीप ॲप्निया सिंड्रोम हे नाव रूढ केले. तेव्हा खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे. उपाय लागू पडे, पण आयुष्यभर गळ्यात नळी घेऊन जगायला फार थोडे जण राजी होत.

सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी पंप उलटा वापरून नाकावाटे हवेचा सौम्य दाब सतत देऊन पाहिला. हवाच आतून टेकू देते आणि घसा मिटत नाही. १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी अवघ्या पाच रुग्णांचा निष्कर्ष छापला; ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने त्यांचा श्वास रात्रभर मोकळा राहिला. हेच सीपॅप यंत्र. त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये फुजिता यांनी पडजीभ आणि टाळूचा सैल भाग कापण्याची यूपीपीपी शस्त्रक्रिया मांडली. पुढची चाळीस वर्षे हे दोन रस्ते शेजारी शेजारी चालत आले आहेत.

सीपॅप झपाट्याने पसरले, पुरावा मागून आला. १९९७ मध्ये यॉर्कच्या अभ्यासगटाने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आढावा घेऊन स्पष्ट म्हटले की सीपॅपच्या फायद्याचे दावे कमकुवत अभ्यासांवर उभे आहेत. झोपतज्ज्ञ चिडले, पण त्या टीकेनेच संशोधनाला शिस्त लावली असे माझे मत आहे. १९९९ मध्ये ऑक्सफर्डच्या जेंकिन्सन आणि सहकाऱ्यांनी १०७ पुरुषांवर चाचणी केली. निम्म्यांना खरे सीपॅप, निम्म्यांना तसाच मास्क आणि तसाच आवाज असलेले, पण घसा उघडा ठेवायला दाब अपुरा असलेले यंत्र. दिवसाच्या झोपाळूपणाचा एपवर्थ गुण खऱ्या यंत्राने १५.५ वरून ७ वर आला, नकली यंत्राने १५ वरून १३ वर. झोपाळू रुग्णाची पेंग सीपॅपने जाते, हा मुद्दा तिथे निकालात निघाला. त्यावर आज कुणी गंभीरपणे शंका घेत नाही.

आपल्याकडचे आकडे

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत ३० ते ६० वयोगटातल्या ४ टक्के पुरुषांना आणि २ टक्के स्त्रियांना झोपाळूपणासह ॲप्निया असल्याचे आढळले. भारतात असे काही मोजलेच गेले नव्हते. ते काम प्रथम मुंबईत झाले. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना प्रश्नावली दिली आणि त्यांपैकी २५० जणांची घरी स्लीप स्टडी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडकत होता आणि ७.५ टक्के पुरुषांना लक्षणांसह ॲप्निया होता. हा आजार लठ्ठ पाश्चात्त्यांचा, हा समज या अभ्यासाने मोडला. अर्थात स्वतःहून तपासणीला येणारे मुंबईचे पुरुष हा नमुना सगळ्या महाराष्ट्राचा म्हणता येणार नाही.

त्यानंतर दिल्लीत एम्सने वस्त्यांमध्ये जाऊन पाहण्या केल्या. तिथे प्रमाण ९ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. २०२३ मध्ये एम्सच्याच गटाने देशातले अभ्यास एकत्र करून ११ टक्के प्रौढ, पुरुषांत १३ आणि स्त्रियांत ५ टक्के, असा अंदाज मांडला. म्हणजे सुमारे १० कोटी ४० लाख भारतीय. जगाचा अंदाज २०१९ मध्ये ९३ कोटी ६० लाखांचा होता. स्त्रियांचा आकडा मात्र जपून वाचावा. त्या घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी सांगतात, आणि शेजारी झोपलेला नवरा त्यांच्या घोरण्याची तक्रार घेऊन डॉक्टरकडे क्वचितच जातो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले आणि त्यांच्या डॉक्टरांनी स्लीप ॲप्नियाचा उल्लेख केला, तेव्हा मराठी घराघरांत हा शब्द पहिल्यांदा पोचला.

यंत्राने हृदय वाचते का?

सगळ्यात मोठा वाद या प्रश्नावर आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

ॲप्नियात रात्रभर ऑक्सिजन वरखाली होतो, रक्तदाब उसळतो, शरीर सतत धोक्याच्या इशाऱ्यावर असते. त्यामुळे हृदयविकार आणि पक्षाघात वाढणार हे तर्काला धरून होते. २००५ मध्ये स्पेनच्या मारिन आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षे पाठपुरावा करून दाखवले की उपचार न घेतलेल्या तीव्र ॲप्नियाच्या पुरुषांत हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू बरेच जास्त होते, आणि सीपॅप वापरणाऱ्यांत ते कमी होते. पण तो निरीक्षणाचा अभ्यास होता. रोज रात्री न कंटाळता मास्क लावणारा माणूस गोळ्याही वेळेवर घेतो, चालायलाही जातो. मग फायदा यंत्राचा की माणसाच्या शिस्तीचा?

उत्तरासाठी 'सेव्ह' ही चाचणी झाली. चीन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, भारत, अमेरिका, स्पेन आणि ब्राझील या सात देशांतली ८९ केंद्रे, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेले २,७१७ रुग्ण, सरासरी ३.७ वर्षांचा पाठपुरावा. २०१६ मध्ये निकाल आला. सीपॅपच्या गटात १७ टक्के जणांना झटका, पक्षाघात, मृत्यू यांसारखी घटना घडली, यंत्र नसलेल्या गटात १५.४ टक्के जणांना. फरक नाही. पेंग कमी झाली, मन हलके झाले, कामावरचे खाडे घटले, पण हृदय वाचल्याचे दिसले नाही. २०२० मध्ये स्पेनच्या इसॅक चाचणीत झटका येऊन गेलेल्या, पण पेंग नसलेल्या रुग्णांतही हेच आढळले. स्वीडनच्या 'रिकॅडसा'चा एकूण निष्कर्षही तसाच होता.

एका बाजूचे म्हणणे सरळ आहे. यादृच्छिक चाचणी हा पुराव्याचा कस आहे. तीन चाचण्यांनी फायदा दाखवला नाही, तर हृदय वाचवण्याच्या नावाखाली यंत्र विकू नये. अमेरिकेच्या एएचआरक्यू या सरकारी संस्थेचा २०२२ चा अहवाल याच दिशेने गेला. एएचआय कमी झाला म्हणजे पुढचे आयुष्य सुधारेल, हे गृहीतही सिद्ध झालेले नाही, असे त्याने नोंदवले.

दुसऱ्या बाजूचे दोन आक्षेप आहेत. पहिला वापराचा. 'सेव्ह'मध्ये लोकांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तास लावले, म्हणजे अर्धी रात्र घसा मिटतच राहिला. अर्ध्या डोसावर औषध निकामी ठरवायचे का? २०२३ मध्ये या तिन्ही चाचण्यांतल्या ४,१८६ जणांची वैयक्तिक माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा एकूण फायदा शून्य, पण रोज चार तास किंवा जास्त वापरणाऱ्यांत धोका ३१ टक्क्यांनी कमी निघाला. विश्लेषकांनी शिस्तीचा परिणाम वजा करायचा प्रयत्न केला आहे. तो पूर्ण वजा होतो का, यावर मतभेद आहेत आणि राहतील.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. 'सेव्ह'मध्ये एपवर्थ गुण १५ च्या वर असलेले, आणि झोप लागून अपघात होण्याचा धोका असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. ज्याला गाडी चालवताना डुलकी लागते त्याला चार वर्षे बिनयंत्राच्या गटात ठेवणे अनैतिक ठरले असते. निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे ज्यांना सगळ्यात जास्त त्रास, त्यांच्याबद्दल चाचणी काहीच सांगत नाही. पेंग असलेल्या रुग्णांच्या हृदयाला अधिक धोका असतो असे काही निरीक्षणे सुचवतात. म्हणजे पुरावा नेमका तिथेच अपुरा आहे जिथे फायदा मोठा असू शकला असता.

रक्तदाबाचे चित्र त्या मानाने स्वच्छ आहे. घट लहान असते, पण खरी असते; औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबात स्पेनच्या २०१३ च्या चाचणीत बारा आठवड्यांत ती सुमारे ३ मिलिमीटर दिसली. चयापचयाबाबत आपल्याकडचा अनुभव क्लेशदायक आहे. सीपॅपने मेटाबॉलिक सिंड्रोम सुधारतो असे दाखवणारी एम्सची चाचणी २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली तेव्हा भारतीय झोपसंशोधनाला मोठा मान मिळाला. पुढे तिच्या माहितीत दोष आढळले आणि २०१३ मध्ये लेख मागे घेतला गेला. तरी जुन्या लेखांतून तिचे संदर्भ अजून फिरत असतात; वाचकाने सावध असावे. त्यानंतर भारतीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन २०१४ ची 'इनोसा' मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, ती आजही उपयोगी आहेत.

सेंट्रल ॲप्नियाचा इशारा इथेच नोंदवायला हवा. हृदय अशक्त झालेल्या आणि मुख्यतः सेंट्रल ॲप्निया असलेल्या १,३२५ रुग्णांवर 'सर्व्ह-एचएफ' चाचणीत एएसव्ही नावाचे अधिक हुशार यंत्र वापरले. श्वास सुधारला, पण २०१५ मध्ये कळले की हृदयविकाराने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी वाढले. कागदावरची रेघ सरळ झाली म्हणजे माणूस वाचला असे होत नाही, हे या क्षेत्राने फार महागात शिकून घेतले.

मास्क नको असेल तर

१९९३ मध्ये अमेरिकेत यंत्रात मोजणी बसवून पाहिले तेव्हा ७० टक्के रात्री किमान चार तास सीपॅप लावणारे ४६ टक्केच रुग्ण निघाले. यंत्रे पुढे शांत आणि लहान झाली, पण अडचण संपलेली नाही. २०२१ मध्ये फिलिप्सला आतल्या फोमचे कण श्वासात जाण्याच्या भीतीने जगभरातली लाखो यंत्रे परत बोलवावी लागली, त्यानेही विश्वास हलला.

पर्यायांत सगळ्यात भक्कम पुरावा खालचा जबडा पुढे धरणाऱ्या दंतपट्टीचा आहे. सिडनीत २०१३ मध्ये एकाच रुग्णांना आळीपाळीने दोन्ही उपचार देऊन पाहिले. सीपॅपने एएचआय जास्त उतरला, पण पट्टी लोक जास्त तास वापरत, त्यामुळे महिनाअखेर रक्तदाब, पेंग आणि राहणीमानात दोन्ही जवळपास सारखे ठरले. मध्यम आजारात दंतपट्टीला आपल्याकडे मिळते त्याहून अधिक महत्त्व मिळायला हवे. त्यासाठी झोपेचे ज्ञान असलेले दंतवैद्य लागतात, आणि अडते तिथेच.

शस्त्रक्रियेबद्दल बराच काळ निराशा होती. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात १०२ रुग्णांवर टाळू आणि जिभेची एकत्रित शस्त्रक्रिया तपासली. सहा महिन्यांनी एएचआय ४८ वरून २१ वर आला, केवळ वैद्यकीय उपचार घेतलेल्यांत ४५ वरून ३५ वर. सुधारणा मोठी, पण २१ म्हणजे अजून मध्यम आजार उरतोच. जिभेच्या मज्जातंतूला श्वासागणिक हलका विद्युतझटका देणारे छातीत बसवायचे यंत्र २०१४ च्या 'स्टार' चाचणीत चांगले ठरले. १२६ रुग्णांचा मध्यक एएचआय वर्षभरात २९.३ वरून ९ वर आला. त्या चाचणीत नकली यंत्राचा गट नव्हता, आणि आपल्या सर्वसामान्य रुग्णाला किंमत झेपण्यासारखी नाही. मुलांचा प्रश्न स्वतंत्र आहे; टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढल्याने बहुतेकांचा श्वास सुधारतो, पण ४६४ मुलांच्या अमेरिकी चाचणीत लक्ष एकाग्र होण्याच्या मुख्य परीक्षेत फरक दिसला नाही, वागणूक आणि राहणीमान मात्र सुधारले.

घशाच्या स्नायूंच्या व्यायामाचा धागा आपल्याला जवळचा आहे. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये २५ जणांवर ऑस्ट्रेलियातले डिजेरिडू हे लांब फुंकवाद्य वाजवण्याचा प्रयोग झाला आणि पेंग व एएचआय दोन्ही उतरले. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी हाच विचार शंखावर तपासला. मध्यम ॲप्नियाचे ३० रुग्ण, काहींना रोज पंधरा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस शंख फुंकायला शिकवले, बाकीच्यांना दीर्घश्वसन. सहा महिन्यांनी शंख फुंकणाऱ्यांचा झोपाळूपणा ३४ टक्क्यांनी कमी झाला आणि श्वास अडकण्याच्या घटना तासाला चार-पाचने घटल्या. देवळात शंख फुंकणारे गुरव प्रत्येक गावात आहेत, त्यामुळे ही बातमी मराठीत भराभर फिरली. अभ्यास प्रामाणिक आहे, पण तीस माणसांचा आहे, आणि तासाला चार-पाचची घट तीव्र रुग्णाला पुरत नाही. मोठी चाचणी व्हावी इतपत आशा त्यात आहे. सीपॅप कपाटात ठेवावे इतपत नाही.

वजन आणि औषधे

वजन आणि ॲप्नियाचे नाते विस्कॉन्सिनच्याच माणसांवर २००० साली मोजले गेले. वजन १० टक्के वाढले की एएचआय ३२ टक्क्यांनी वाढतो, १० टक्के घटले की २६ टक्क्यांनी घटतो. प्रश्न वजन टिकवून घटवण्याचा होता. २०२४ मध्ये 'सरमाउंट-ओएसए' या दोन जोडचाचण्यांत ४६९ जणांना वर्षभर टिर्झेपटाइड या वजन घटवणाऱ्या औषधाचे किंवा नकली आठवडी इंजेक्शन दिले. सुरुवातीचा एएचआय ५० च्या आसपास होता; औषधाने तो तासाला २५ ते २९ घटनांनी उतरला, नकली इंजेक्शनाने पाचांनी. ४० ते ५० टक्के जणांचा आजार मास्कची गरज उरणार नाही इतका ओसरला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठ रुग्णांतल्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी त्याला मान्यता दिली. या आजारावर मान्यता मिळालेले ते पहिले औषध. मार्च २०२५ पासून ते भारतीय बाजारात मधुमेह आणि लठ्ठपणासाठी मिळते.

पण त्या रुग्णांचा सरासरी बीएमआय ३९ होता. पुण्याच्या संशोधनाचा इथे थेट संबंध येतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्रज मित्र जॉन यूडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयात चरबी दडलेली असते. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि त्या आकड्यालाही ॲप्निया होतो. अशा माणसात वजनाचे औषध किती उपयोगी पडेल? त्यात जबडा लहान किंवा मागे असणे हे कारण प्रधान असेल तर चरबी उतरवून किती जागा मोकळी होणार? या चाचण्यांतून त्याचे उत्तर निघत नाही. औषध थांबवल्यावर वजनाबरोबर ॲप्निया परततो का, हाही प्रश्न उघडा आहे.

गोळीचा रस्ता वेगळा. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, ते ताणलेले ठेवायचे. ॲटोमॉक्सेटिन आणि ऑक्सिब्युटिनिन एकत्र दिल्याने २० जणांत एका रात्रीत मध्यक एएचआय २८.५ वरून ७.५ वर आला, तेव्हा खळबळ उडाली. त्याच कल्पनेवरच्या गोळीच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले; घट निम्म्याच्या आसपास सांगितली जाते. युरोपात अपस्मारावरच्या सुल्थायम या जुन्या औषधाचेही निष्कर्ष आशादायक आहेत. झोपेतली प्रत्यक्ष सुधारणा आणि दीर्घकाळची सुरक्षितता यांवर अजून बरेच सिद्ध व्हायचे आहे.

माण-चाकणसाठी काय उरते

चाचण्यांतला रुग्ण रात्री झोपतो, एकाच पलंगावर झोपतो आणि त्याच्या घरी वीज असते. माणमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारा रात्रपाळीचा कर्मचारी दिवसा, रहदारीच्या आवाजात, पोरांच्या येण्याजाण्यात झोपतो. चाकणचा ट्रकचालक केबिनच्या मागच्या बर्थवर झोपतो. तिथे सीपॅप लावायचे तर बॅटरी हवी, बांधकामाच्या धुळीने भरणारा फिल्टर सारखा बदलायला हवा. दिवसाच्या झोपेत सीपॅपचा फायदा तितकाच होतो का, यावर संशोधन फार तुटपुंजे आहे. खर्चाचा भाग आणखी अवघड. केंद्र सरकारच्या सीजीएचएस योजनेत यंत्राच्या खर्चाची तरतूद आहे, पण बहुतेक खासगी आरोग्यविमा घरी वापरायच्या यंत्राचे पैसे देत नाही.

तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयातच जायला हवे का? २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात १५५ रुग्णांवर दिसले की प्रशिक्षित फॅमिली डॉक्टर आणि परिचारिका घरगुती तपासणीच्या आधारे उपचार करतात तेव्हा सहा महिन्यांनंतरचा निकाल तज्ज्ञांच्या केंद्राहून वाईट नसतो. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय किंवा चिंचवडचे ईएसआय रुग्णालय यांच्याभोवती अशी साखळी बांधणे अशक्य नाही. संशोधनातला हा निष्कर्ष मला इथल्यासाठी सगळ्यात उपयोगाचा वाटतो, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

चालकांचा प्रश्न मात्र निकडीचा आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीत २०१६ मध्ये असे दिसले की ॲप्निया असूनही उपचार अजिबात न वापरणाऱ्या चालकांचे टाळता येण्याजोगे गंभीर अपघात इतरांच्या पाचपट होते. उपचार नीट घेणाऱ्यांचे प्रमाण निरोगी चालकांइतकेच होते. आपल्याकडे परवान्याच्या वैद्यकीय दाखल्यात मुख्य भर दृष्टी, श्रवण आणि हातपाय यांवर आहे. चाचणीसाठीही या चालकांना चिठ्ठ्या टाकून बिनउपचार ठेवता येणार नाही, हे उघड आहे. पण तपासणी टप्प्याटप्प्याने लागू करता येते: या तिमाहीत एका वाहतूक ठेकेदाराचे चालक, पुढच्या तिमाहीत दुसऱ्याचे, आणि कुणाचा टप्पा आधी हे चिठ्ठीने ठरवायचे. शेवटी सर्वांना उपचार मिळतात आणि तुलनाही करता येते. कर्मचाऱ्यांच्या बस आणि कॅबमध्ये मागोवा घेणारी उपकरणे असतात, म्हणजे अचानक ब्रेक लागण्याच्या नोंदी मिळू शकतील. अशी चाचणी सुरू करताना भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत ती आधी नोंदवावी लागेल. देशात ही अट २००९ पासून आहे.

तिच्या आराखड्यात एक गोष्ट आधी मिटवावी लागेल. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेला चालक स्लीप स्टडीला तयार होईल तो दोष निघाला तरी गाडी हातातून जाणार नाही अशी लेखी हमी असेल तरच. तीव्र ॲप्निया सापडल्यावर उपचार बसेपर्यंतचे दोन-तीन आठवडे त्याला गाडीवर पाठवायचे नाही, तर त्या काळाचा पगार कोण देणार: ठेकेदार, कारखाना की ईएसआय?